भामीचा बसलेला बैल

चाकणच्या अलीकडच्या एका वाडीत शालनबाई बालवाडी चालवत. साल असेल छप्पन्न-सत्तावन्न. बालवाडी म्हणजे काय, तर मारुतीच्या देवळाची ओसरी, घंगाळभर भिजवलेली माती, गेरूची वाटी आणि वीसेक शेंबडी पोरं. पुण्याला वर्षभर शिकून बाई एक गोष्ट पक्की मनात धरून आल्या होत्या. एवढ्याशा पोराच्या हातात पाटी द्यायची नाही. आधी माती, रंग, गाणी. बोटं तयार झाली की अक्षरं आपणहून येतात. गावाला हे काही केल्या पटत नव्हतं. देहूरोडच्या डेपोत कामाला जाणारे बाप सायकल थांबवून विचारायचे, "बाई, पोरगं गमभन कदी गिरवनार?" बाई हसून म्हणायच्या, "त्याचा हात तयार झाला की." गावानं त्यांचं नाव चिखलबाई ठेवलं होतं आणि ते त्यांच्या कानावरही आलं होतं. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे.

पोरांच्या कामाला मोठ्यांनी बोट लावायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. घरोघर फिरून पोरं गोळा करून आणणाऱ्या पुतळाबाईंनी एकदा कुणाच्या तरी मातीच्या सापाला काडीनं डोळे पाडून दिले. बाईंनी सगळ्यांदेखत त्यांची कानउघाडणी केली. "तो साप त्याचा आहे. त्याला डोळे नको असतील तर नकोत." पुतळाबाई वयानं मोठ्या, पण बिचाऱ्यांनी काडी टाकून दिली.

भादव्यातला पोळा जवळ आला तसे पोरांनी बैल करायला घेतले. कुणाच्या बैलाला एकच शिंग, कुणाचा बैल आडवा होऊन लोळणारा. सुभद्राबाईंची पाच वर्षांची भामी, तिचा बैल तर लांबोळका गोळाच होता. पाय नाहीत, आणि पोटात बोट घालून पाडलेलं एक भोक.

"भामे, पाय कुठं गेले याचे?" बाईंनी विचारलं.

"दुमडल्यात. बसलाय त्यो," भामी म्हणाली. "आन् चारा हितनं आत जातो."

बाई खुळावल्या. दिवसभर भेटेल त्याला त्या भामीच्या बैलाचं पोट सांगत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव आले. गावचे पुढारी. देवळामागची त्यांची खोली रिकामी होती, आणि पावसाळ्यात ओसरीवर पोरं भिजतात हे त्यांना दिसत होतं. "उद्या तालुक्याचं सायेब येनार जीपनं," ते म्हणाले. "तुमास्नी शिकवनाऱ्या पुन्याच्या मोठ्या बाई बी हायेत संगं. त्यांच्या म्होरं ती खोली बालवाडीला जाहीर करावी म्हनतोय. पन त्यास्नी दावनार काय?" त्यांनी एका बैलाला बोटानं जरा ढकललं, तर त्याचं मुंडकंच निघून आलं. "ही ढेकळं?"

एरवी बाईंनी त्यांना तिथंच चार गोष्टी सुनावल्या असत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी बैलांकडं पाहिलं, आणि त्यांनाही ढेकळंच दिसली. पोरांच्या कामाची त्यांना लाज वाटली. पुढं जन्मभर त्या घटकेचीच लाज त्यांना पुरली.

दिवेलागणीला त्या कोंडाजी कुंभाराच्या दारात उभ्या. "कोंडाजीबाबा, पोळ्याचे बैल द्या, पण चुन्याचा हात न दिलेले. आणि जरा ओबडधोबड असले तर बरं."

म्हातारा हसला. "वाकडं करायला हात वळत न्हाई, बाई. हायेत तसं न्या."

सकाळी पोरं यायच्या आधी बाईंनी कोंडाजीचे बैल ओसरीवर ओळीनं मांडले आणि पोरांचे बैल घंगाळात भिजत टाकायला सांगितले. पुतळाबाई पोरांच्या बैलांचं सूप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "हात लावायचा न्हाई ना, बाई?" त्यांनी विचारलं.

"टाका म्हटलं ना," बाई खेकसल्या.

पाहुणे आले. साहेबांनी बैलांचं तोंड भरून कौतुक केलं. अर्जुनराव मिशीत हसत उभे होते. मोठ्या बाईंनी एक बैल उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. मग त्या भामीपुढं बसल्या. "तुझा कुठला गं?"

भामी ओळ बघत गेली. शेवटपर्यंत जाऊन परत आली. मग तिनं शालनबाईंकडं पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. आपल्या बाईंवर काहीतरी बालंट आलंय, एवढं त्या पोरीला कळलं असावं. तिनं एका बैलावर बोट ठेवलं. "ह्यो."

अर्जुनरावांनी खोली जाहीर केली, टाळ्या पडल्या, आणि ज्याचा त्याचा बैल पोरांनी पूजेला घरी न्यावा असंही ठरलं. मोठ्या बाई शालनबाईंकडं न बघताच जीपमध्ये जाऊन बसल्या.

पोळ्याच्या संध्याकाळी गावात बैल मिरवत असताना शालनबाई सुभद्राबाईंच्या घरी गेल्या. पाटावर कोंडाजीचा बैल होता. त्याला हळदकुंकू वाहिलेलं, पुढं पुरणपोळीचा नैवेद्य.

"बघा बाई," सुभद्राबाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाई म्हनायच्या, चिखलात पोर वाया चालली. मी तुमच्यापायी रोज भांडायची त्यांच्याशी. आज सकाळधरनं आळीतल्या बाया येऊन बघून गेल्या, भामीनं केलेला बैल." त्यांनी बाईंपुढं ताट ठेवलं.

भामी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बैलाकडं बघत नव्हती, बाईंकडंही नाही. परवापर्यंत बाई दिसल्या की पळत येऊन पदर ओढणारी पोर ती.

गप्प बसलं असतं तर निभावलं असतं. खोली मिळाली होती, पोरं कोरड्यात बसली असती, गावाचं तोंड बंद झालं होतं. बाईंनी हे सगळं पाहिलं आणि ताट बाजूला सारलं.

"सुभद्राबाई, हा बैल तिनं केलेला नाही. कोंडाजीबाबांचा आहे. तिचा बैल मी मातीत घातला. चारचौघांत मला त्याची लाज वाटली. उद्या मी अर्जुनरावांनाही हेच सांगणार आहे."

सुभद्राबाई पाटाकडं बघत राहिल्या. "बाई, तुमी सुदिक?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि नैवेद्याचं पान उचलून आत गेल्या.

बाईंना वर बघवेना. भामी चौकट सोडून पुढं आली आणि अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "बाई, मंग आता म्हनू का मी, त्यो माझा न्हाई म्हनून?"