फरशीखालचा राखणदार

दापोड्याच्या पुतळाबाईला कुणी विचारो न विचारो, ती सांगायचीच, "माजी दोनी पोरा खाकीन हायत!" थोरला धनेश पोलीस हवालदार. धाकटा भाविक होमगार्ड. बंदोबस्त असला तर ड्युटी, नाहीतर नाक्यावर टाइमपास. त्यांच्याच शेतावर गोदाम उभं राहिलं आणि त्याच गोदामाच्या गेटवर भाविकला वॉचमन म्हणूनसुद्धा घेतलं नाही. "गाववाले नकोत, दादागिरी करतात," म्हणे! म्हणजे गावची जमीन चालते, गावची पोरं चालत नाहीत.

परवा भर दुपारी, हमाल जेवायला बसलेले असताना, त्या गोदामात पाच खाकीवाले घुसले. तोंडाला रुमाल. "रेड है! सब दीवार की तरफ मुंह करो!" हमालांच्या हातातला घास हातात राहिला, आणि मोबाइलच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो गेटबाहेर पडलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात साहेबांनी कॅमेऱ्यातलं चोरीचं चित्रण लावलं. धनेश मागे उभा होता. चौघं पेट्या घेऊन सरळ पळत होते. पाचवा मात्र दर खेपेला फरशीच्या एका मोकळ्याच तुकड्याला वळसा घालून जात होता. धनेशनं तो वळसा ओळखला. गोदाम बांधताना त्या फरशीखाली चेडोबाचा दगड गाडला गेला होता. शेताचा राखणदार. "देवावरून पाय न्यायचा न्हाय," बापानं, केसरीनाथनं, दोघा भावांना कान पिळून शिकवलेलं.

"हवालदार, तू गाववाला ना? कुणी ओळखीचा?"

"नाही साहेब."

दुपारी घरी जाऊन त्यानं भाविकची कॉलर धरली. "चोरी करताना देव आठवतो तुला?"

"देव कुठला आठवतोय, दादूस! पायच जाईना त्यावरनं." भाविक रडायलाच लागला. "तू वाचवशील ना?"

धनेशनं कॉलर सोडली आणि तसाच ठाण्यावर परतला. जेवलाही नाही.

संध्याकाळी साहेब पंचनाम्याला गोदामात आले. "हवालदार, एक पेटी उचल. शटरपर्यंत चालून दाखव, चोरांना किती वेळ लागला ते बघू."

सरळ जायचं, धनेशनं ठरवलं. दात आवळले, नजर शटरवर रोवली, झपाझप निघाला. आणि त्या जागी आल्यावर पाय आपसूक बाजूला वळले.

साहेब कितीतरी वेळ त्या कोऱ्या फरशीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "धनेश, घरी भाऊ आहे ना तुला?"

धनेशनं पेटी खाली ठेवली. फरशीच्या त्या तुकड्यावर नाही, बाजूला.