गिअर सुटलेली सकाळ

कापून ठेवलेल्या धानाला सकाळच्या उन्हात एक वास येतो, किंचित गोड, किंचित ओला, तापत्या दुधावर साय धरू लागते तेव्हा येतो तसा. आणि त्या वासात तापलेल्या यंत्राचा कडवट दर्प मिसळला की मला आमची गाडी दिसते, कोहमाऱ्याच्या पुढे जंगल सुरू होते तिथे, इंजिन सुरू असूनही जागची न हलणारी.

गाडी आईची. दवनीवाड्याच्या शाळेत शिकवत होती तोवर तिचे सारे आयुष्य बसच्या वेळांना टांगलेले होते. शाळेच्याच पायऱ्यांवरून पडून तिचा डावा गुडघा कायमचा आखडला आणि क्लच दाबणे तिला अशक्य झाले. म्हणून निवृत्त झाल्यावर तिने क्लच नसलेली, स्वतःच गिअर बदलणारी एक वापरलेली गाडी घरी आणली. गिअर बदलताना ती गाडी क्षणभर श्वास रोखते आणि मग असा हिसका देते की आत बसलेल्या सगळ्यांच्या माना एकदम पुढे झुकतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, किती एकमताचे हे कुटुंब, दर थोड्या वेळाने होकार देत चालले आहे. कधी मात्र गिअर मधूनच निसटतो. मग ती थंड होईपर्यंत कुणाचे काही चालत नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा होते तेव्हा आमच्या खाटेखाली त्यांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत आणि ताज्या शाईच्या वासात मला झोप लागे. ‘हक्क’ आणि ‘निषेध’ हे शब्द मला ‘चिमणी’च्या आधी वाचता आले. त्यामुळे दादाने गाडी विकायची भाषा सुरू केली तेव्हा मी स्वयंपाकघरातच सभा भरवली.

“कुठंही थांबते ती,” दादा म्हणाला. “मागून ट्रक आला तर? विकून टाकू, क्लचवाली चांगली घेऊ. आईला पाहिजे तिथं मी नेईन ना.”

त्याच्या काळजीत खोट नव्हती. पण ‘मी नेईन ना’ या तीन शब्दांत आईचे जग त्याच्या सुट्टीच्या दिवसाएवढे होऊन जाणार होते. मी भांडले, आणि भांडून एक तह पदरात पाडून घेतला. रविवारी आईने गाडी गोंदियाहून नवेगाव-बांधला, मावशीकडे न्यायची. वाटेत एकदाही बिघडली नाही तर गाडी राहील. बिघडली तर जाईल. मला तो विजय वाटला. आई तिथेच बसून भाजी निवडत होती.

कार्तिक सरत आला होता. गोरेगावच्या अलीकडे धुके इतके दाट होते की रस्ता आमच्यापुढे थोडा थोडा जन्म घेत होता आणि आमच्यामागे पुन्हा विरून जात होता. मग ऊन आले, तेही एकदम नव्हे, कुणी हलक्या हाताने ओली चादर बाजूला करावी तसे. आणि दोन्हीकडे कापणी झालेल्या शेतांच्या बांध्या दिसू लागल्या, त्यांच्यावर रचलेले धानाचे पुंजणे, लहान मुलांनी मातीत मांडलेल्या घरांसारखे गोल आणि गाढ झोपलेले. आई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सरळ समोर पाहत होती. प्रत्येक हिसक्याला मी श्वास धरायची आणि गाडी सावरली की सोडायची, जणू यंत्र माझ्या छातीतच बसवले होते. सडक अर्जुनी गेले, कोहमारा गेला, सागाची मोठाली पाने उन्हात तांब्याची झाली. मी मनातल्या मनात दादाला ऐकवायची वाक्ये घासूनपुसून ठेवू लागले.

आणि गिअर निसटला. इंजिन ओरडले, पण त्याचे ओरडणे चाकांपर्यंत पोचेना. गाडी मंद होत होत, एखादे वाक्य अर्ध्यावर विसरावे तशी, रस्त्यातच थांबली.

“झालं,” आई म्हणाली आणि तिने चावी फिरवून इंजिन बंद केले. “होऊ दे थंड.”

“आता दादाला काय सांगायचं?”

“तू उतर आधी. बाहेर ऊन चांगलं आहे.”

समोरून विळे घेतलेल्या चार-पाच बाया येत होत्या, कुणाच्या तरी उरलेल्या धानाच्या कापणीला निघालेल्या. त्यांतली एक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, थेट खिडकीत वाकली.

“काऊन वो बाई, बंद पडली का?”

“बंद नाही, रुसली,” आई म्हणाली.

“मारू का धक्का?”

मी समजावू लागले की ही ऑटोमॅटिक आहे, धक्क्याने सुरू होत नाही. बाईने माझ्याकडे कीव करावी तसे पाहिले. “इतक्या बायाईच्या धक्क्यानं बी चालू नाही होत? मंग बैलगाडीच बरी वो माय!” सगळ्या खळखळून हसल्या, विळे खाली ठेवून गाडीला भिडल्या आणि हसत हसतच त्यांनी ती मोहाच्या झाडाच्या सावलीत, रस्त्याच्या कडेला नेऊन लावली. पुष्कळ हात लागले की काहीही हलते, यावर माझा अढळ विश्वास. गाडी हललीही. सुरू तेवढी झाली नाही.

“दुरुस्त काऊन नाही करत?” बाईने विळा उचलता उचलता विचारले.

“गोंदियाचा मिस्त्री म्हणे, दोन दिवस ठेवा, होऊन जाईल,” आई म्हणाली. “नेईन एखाद्या दिवशी.”

बाया गेल्या. त्यांचे हसणे सागांतून बराच वेळ येत राहिले. मी आईकडे पाहत राहिले. दुरुस्त होऊ शकते, हे तिने घरात कुणालाच सांगितले नव्हते. ज्या गाडीसाठी मी एवढी भांडले, ती तिने आपणहून बिघडलेली राहू दिली होती.

ती पडलेल्या खोडावर आखडलेला पाय लांब करून बसली होती. पानांतून गळणारे ऊन तिच्या गुडघ्यावर, पातळाच्या निऱ्यांवर, मिटत आलेल्या डोळ्यांवर हलत होते. शाळेत नव्हता, घरात नव्हता, बाबांच्या सभांत सतरंज्या घालतानाही नव्हता असा एक चेहरा तिथे होता, पाणी निवळल्यावर तळ दिसावा तसा.

“सारं आयुष्य बस सुटेल म्हणून पळत राहिली मी,” ती डोळे न उघडताच म्हणाली. “इथं कोणीच माझी वाट पाहून नाही राहिलं.”

माझ्या सगळ्या पत्रकांत माणसे पुढे जात असत. चला, उठा, निघा. थांबण्याची मागणी मी कधी कुठे वाचली नव्हती.

“पण ट्रक आला असता तर?”

“हो. ते तुझ्या दादाचं खरं आहे,” ती म्हणाली आणि तिने डोळे उघडले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा. एक शब्द खोटा बोलले असते तर गाडी राहिली असती, आणि तो शब्द माझ्या जिभेवर आलाही होता. आईने हात पुढे केला.

“थांबली,” ती फोनवर म्हणाली. “जंगलात थांबली. आता ऐक. ते परीक्षेचं तुम्हा दोघांनीच ठरवलं, मला कोणी विचारलं नाही. उद्या मिस्त्रीकडे लावीन मी. अन् गाडी विकायची नाही.”

‘तुम्हा दोघांनीच’ हे शब्द माझ्याही वाट्याला आले होते. मी मोहाच्या सालीवरून चढणाऱ्या मुंग्या पाहत राहिले. पलीकडून दादा बराच वेळ काही बोलला असावा. आई “हो”, “बरं”, “ते मी पाहीन” एवढेच म्हणत होती, पण तिच्या आवाजात माघार नव्हती.

थंड झालेली गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली आणि गिअरही नीट पडला. आम्ही निघालो. नवेगावच्या तलावावरून येणारा गारवा खिडकीतून आत येऊ लागला. दुरुस्तीनंतर ही गाडी कुठेच अडणार नाही, सरळ गोंदियाहून नवेगावला पोचेल, वेळेवर पोचेल, आणि मध्ये थांबायचेच झाले तर आईला आता तसे स्वतः म्हणावे लागेल. तिने कधी कुणाला तसे म्हटल्याचे मला आठवत नव्हते. मी तिच्या हातांकडे पाहिले. ते स्टिअरिंगवर सैल, उन्हात ठेवल्यासारखे पडले होते, आणि मावशीच्या गावाचे वळण जवळ आले तशी ती गाडी, गरज नसताना, हळू करत होती.