मिरामारचा दगडी कट्टा

कॉलेजसाठी मी पेडण्याहून पणजीला मावशीकडे राहायला गेले. मावशी विधवा, गुडघ्यांनी अधू. संध्याकाळी तिच्यासोबत मिरामारच्या किनाऱ्यावर जायचं, हे माझं काम. बरोबर शेजारची तिची ख्रिस्ती मैत्रीण असायची. ती शाळेतून निवृत्त झालेली, म्हणून सगळेच तिला टीचर म्हणत. दोघी सुरूच्या सावलीतून सावकाश चालत आणि मध्येच दगडी कट्ट्यावर टेकत.

त्या किनाऱ्याची हकिगत टीचरकडूनच ऐकावी. तिच्या लहानपणी तिथे नुसती वाळू होती. रविवारी लोक ठेवणीतले कपडे घालून येत आणि बायका चपला हातात धरून चालत. गोवा मुक्तीनंतर रस्ता रुंदावला, पुढे कट्टा आला. कट्टा आला आणि आपण म्हाताऱ्या झालो, असं ती म्हणायची, तेव्हा मावशी पदर तोंडाला लावून हसायची.

लग्न होऊन मी डिचोलीला आले आणि तिकडे किनाऱ्यावर सुशोभीकरणाचं काम निघालं. भोवती पत्रे ठोकले, कट्टा फोडला. काम लांबत गेलं. वाटेत टेकायला जागा नाही, म्हणून दोघींचं फिरणं आधी कमी झालं, मग थांबलंच. घरात बसून मावशीचे पाय आणखी आखडले. टीचरला तिच्या मुलाने लंडनला नेलं. जाण्याआधी दोघी रिक्षाने तिथे जाऊन आल्या, पण पत्र्यांपुढे जाता आलं नाही. हे मावशीने मला फोनवर सांगितलं, तेही इतर गोष्टी बोलून झाल्यावर.

गेल्या दिवाळीत मी मावशीला तिथे घेऊन गेले. गुळगुळीत फरशी, रंगीत दिवे, सेल्फी काढणारे पर्यटक. देखणं होतं, नाही कसं म्हणू? मावशी काठी टेकत थोडी पुढे गेली, परत मागे आली.

"आम्ही बसायचो ती जागा खंयची गो?"

मी अंदाजाने एक बाक दाखवला. ती त्याच्या कडेला, परक्या घरी बसावं तशी बसली.

मी तिचा फोटो टीचरच्या मुलाला पाठवला. लगेच टीचरचाच व्हिडिओ कॉल आला. ती खूप वाळली होती. मावशीला डोळे भरून पाहून झाल्यावर तिने विचारलं, "बरी दिसता गो तूं. हो जागो खंयचो?"

"आमचंच मिरामार," मावशी म्हणाली.

टीचरने मावशीच्या मागची फरशी, दिवे पुन्हा नीट पाहिले. मग तिने मावशीच्या गुडघ्यांचं विचारलं, आणि दोघी तेवढंच बोलत राहिल्या.