भर उन्हातलं चांदणं

आमच्या बोरीत यात्रेचं नाटक म्हणजे रात्रीचंच. यंदा मात्र उसात बिबट्या दिसला आणि यात्रा कमिटीनं ठरवलं, नाटक दुपारी तीनला, दिवस मावळायच्या आत सगळे घरी.

नाटक जुनंच. भांडता भांडता प्रेमात पडणाऱ्या दोघांचं, हसवून पोट दुखवणारं. वीस वर्षांपूर्वी गावानं ते केलं तेव्हा नायिका पुण्याहून आणली होती. नायक आमचे हे. मी घरी वही धरून यांच्याकडून वाक्यं घोटून घ्यायची, त्यामुळे नायिकेचीही मला पाठ. यंदा तेच पुन्हा करायचं ठरलं, नायिका गावातलीच हवी असं निघालं, आणि हे माझं नाव सांगून मोकळे झाले. स्वतः केस काळे करून तयारच होते.

मी हो म्हटलं ते अंधाराच्या भरवशावर. आपल्यावर दिवे, समोर काळोख, कुणाचं तोंड दिसायला नको. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर मी कधी ढळू दिला नव्हता. आता ते पहिल्या रांगेत, लख्ख उजेडात, आणि मी मोकळ्या केसांनी यांना म्हणणार, माझं तुझ्यावर प्रेम आहे! तिथं जीभ अडली की नाटक तिथंच आडवं.

आदल्या दिवशी धीर करून म्हटलं, "मामा, तुमी जरा मागं बसता का?"

"मागं मला ऐकू येत न्हाई," सासरे म्हणाले. विषय संपला.

तो प्रवेश आला. मांडवाच्या कापडातून ऊन नुसतं ओतत होतं. मी वर बघून म्हटलं, "किती टिपूर चांदणं पडलंय!" आता हशा पिकणार, याची खात्रीच होती. कुणी हसलं नाही. पुढचं वाक्य तेच, आणि मी तिथंच अडले. हे डोळ्यांनी विनवत होते. माझी नजर जायला नको तिथंच गेली.

सगळा मांडव वर बघत होता. बाया, पोरं, कमिटीवाले, सगळे. पहिल्या रांगेत मामा टोपी मागं सारून, डोळे किलकिले करून त्या कापडात चंद्र शोधत होते. माझ्या एका वाक्यावर एवढ्या माणसांनी भर दुपारची रात्र केली होती.

मामांना चंद्र सापडला असावा, कारण त्यांनी मान डोलावली. मग मी ते वाक्य म्हटलं, त्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.