एक ते तीन

जर्मनीत बॉनजवळच्या कॅम्पिंगच्या जागेचं फाटक सांभाळणारे गृहस्थ २००६च्या सप्टेंबरात एका दुपारी त्याच फाटकाबाहेर जवळजवळ दोन तास थांबले. किल्ली त्यांच्या खिशात होती.

इमारतीतल्या नियमांना कंटाळून त्यांनी निवृत्तीनंतर फ्लॅट विकला आणि राहती गाडी घेतली. ती उभी करायला फुकट जागा आणि वीज मिळावी म्हणून ते उन्हाळाभर इथे काम करत, म्हणजे इतरांना नियम सांगत. एक ते तीन विश्रांती, गाड्यांना फाटक बंद.

एकदा आम्हीही पाच मिनिटं उशिरा पोचलो. "अहो, मुलगी झोपलीय, सांगून बघा ना," बायको म्हणाली. मी सांगितलं.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, ते म्हणाले, "आतही मुलं झोपलीत."

त्या सप्टेंबरात कॅम्पिंगच्या मालकाने त्यांना बजावलं होतं, की गाडीची सरकारी तपासणी करून ती ठरलेल्या दिवशी दुपारी दोनच्या आत जागेवर लावा, नाहीतर जागा आणि काम दुसऱ्याला देईन. गाडी पास झाली. त्या दुपारी ते परतले तेव्हा एक वाजून चार मिनिटं झाली होती. आम्ही आतून बघत होतो.

दोनला मालक फाटकाशी आला. "गाडी आत घ्या ना."

"अजून तासभर आहे."

तीनला त्यांनी फाटक उघडलं. पुढच्या मे महिन्यात फाटकावर तेच होते.