कट्ट्यावरचं दूध खाटेवर

आमच्या आबांनी चाळीस वर्षं उभ्यानं काढली. एका छापखान्यात ते अक्षरांचे खिळे जुळवायचे, आणि ते काम बसून होत नाही. निवृत्त झाल्यावरही त्यांना घरात बसवत नसे. रोज सकाळी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून निघून ते गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर चालत जायचे. तिथं गवळी म्हशी घेऊन उभे असायचे आणि डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून द्यायचे. आबा तो पेला उभ्या उभ्या रिकामा करत, मिशीवरचा फेस पंच्याला पुसत आणि चालत परत येत. घरी दुधाचा रतीब नव्हता असं नाही. पण त्या दुधाला ते ‘पांढरं पाणी’ म्हणत, आणि रतीब घालणाऱ्याच्या तोंडावर म्हणत.

बहात्तरचा दुष्काळ मागं पडला होता, त्यानंतरच्या एका हिवाळ्यात त्यांना न्युमोनिया झाला. वय सत्तरीच्या पुढं. दवाखान्यात भरती केलं. पहिले चार दिवस वाईट गेले. छातीची घरघर वॉर्डाच्या दारापर्यंत ऐकू यायची. मी अंबाबाईला साकडं घातलं, की यांना पुन्हा एकदा कट्ट्यावर चालत जाताना बघू दे. नुसतं ‘जगू दे’ म्हणायला हवं होतं, पण आबा डोळ्यांसमोर यायचे ते चालतानाच.

पाचव्या दिवशी ताप उतरला, आणि आम्ही सेवेला लागलो. आमच्याकडं माणूस दवाखान्यात पडला की अख्खं घर दवाखान्यात पडतं. उचगावला दिलेली बहीण सकाळीच डबा घेऊन यायची आणि दुधात कुस्करलेली भाकरी हातानं भरवायची. माझी बायको अंग पुसायची, कपडे बदलायची. आबांनी तांब्याकडं नुसतं बघितलं तरी पाणी त्यांच्या ओठाला लागायचं. आणि मी कट्ट्यावरून दूध आणायचो. तांब्यात धार काढून घ्यायची, सायकल दामटायची, दवाखान्याच्या पायऱ्या धावत चढायच्या, आणि फेस बसायच्या आत तांब्या आबांच्या तोंडाला लावायचा. सारा वॉर्ड बघत असायचा. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

वॉर्डात एक सिस्टर होती, किरकोळ अंगाची, आवाज मात्र खणखणीत. सातव्या दिवशी ती म्हणाली, “आजोबांना आज खुर्चीत बसवा. उद्या व्हरांड्यापर्यंत चालवा. या वयात खाटेवर पडून राहिलं की आधी पाय जातात.”

मी मास्तर माणूस, मला कुणी शिकवलेलं खपत नाही. म्हणालो, “सिस्टर, आत्ता कुठं मरणाच्या दारातून आलेत. आणखी हाल कशाला करता त्यांचे?”

“थोडे हाल आत्ता करा, म्हणजे नंतर होणार नाहीत,” असं म्हणून ती पुढच्या खाटेकडं गेली. मी बायकोला म्हणालो, हिला बाप नसेल. ते वाक्य आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

शेजारच्या खाटेवर गारगोटीच्या पलीकडचे एक म्हातारबा होते. आबांहून दोन-चार वर्षं मोठेच, आणि आजार तोच. घरी सुगी चाललेली, त्यामुळं लेक फक्त रविवारी यायचा. एरवी जवळ चिटपाखरू नाही. पाणी हवं तर म्हातारबा खाटेची कड धरून उठायचे, भिंतीला हात लावत व्हरांड्याच्या टोकाच्या नळाशी जायचे, वाटेत दोनदा दम खायचे. आपला सदरा आपणच खळबळून दांडीवर टाकायचे. आम्हा सगळ्यांना त्यांची फार दया यायची. बहीण त्यांनाही घास भरवायला गेली, तर म्हणाले, “हात हायती की मला, बाई.”

एका सकाळी त्यांनी मला विचारलं, “मास्तर, ह्ये दूध कुठलं आणता?”

“गंगावेशीतलं. कट्ट्यावरचं.”

“आन् आबा तितं रोज चालत जायाचं व्हय?”

“रोज.”

“मग आता कशाला जातील?”

मी हसलो. खेडवळ माणसाची गंमत, असं धरून चाललो.

म्हातारबा आमच्या आधी तीन दिवस सुटले. गाठोडं काखेत मारून आपल्या पायांनी एसटी स्टँडकडं गेले. आमच्या डॉक्टरांनीही आबांची छाती तपासून सांगितलं, “अगदी साफ आहे. न्या घरी.” आम्ही आबांना उभं करायला गेलो आणि त्यांचे गुडघे लटपटले. धोतरातून दिसणाऱ्या पोटऱ्या नुसत्या काटक्या झाल्या होत्या. दोघांनी खुर्चीसकट उचलून त्यांना रिक्षापर्यंत नेलं. घरी गेल्यावर ताकद येईल, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ती आली नाही. आबांची खाट पुढच्या सोप्यात लागली, आणि माझी सायकल रोज सकाळी कट्ट्यावर जातच राहिली.

दीड महिन्यानं म्हातारबा छाती दाखवायला कोल्हापुरात आले. विचारत विचारत आमच्या घरी पोचले, हातात काठी आणि पंच्यात बांधलेली गुळाची ढेप. आबांना बघून त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि खाटेशेजारी बसले. दोघे इकडचं तिकडचं बोलले. निघताना मला दाराबाहेर बोलावून म्हणाले, “दूध बंद करा, मास्तर. पायजे आसंल तर जातील की. न्हायतर तुम्ही म्हसच सोप्यात आणून बांधशिला.”

या वेळी मी हसलो नाही. सिस्टरचं बोलणं आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी तांब्या नेला नाही. आबांनी माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं. “आज म्हशी आल्या न्हाईत व्हय?”

“आल्यात की. तुम्ही चला, मी धरतो तुम्हाला.”

ते भिंतीकडं तोंड करून पडले. दुसरा दिवस तसाच, तिसराही तसाच. बायको म्हणाली, म्हाताऱ्या माणसाचा असा छळ मांडू नका. माझाही जीव तुटत होता, पण मी नेटानं राहिलो.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेतून घरी आलो. दारातूनच दिसलं. आबा उभे होते. एका हातानं खिडकीचा गज धरलेला, पाय थरथरत होते, पण खाट दोन पावलं मागं राहिली होती. ते उंबऱ्याकडं बघत होते आणि तोंडावर हसू होतं, छापखान्यात जुळवलेलं पान पहिल्यांदा बिनचूक निघालं की यायचं तसं. त्यांनी गज सोडला आणि तिसरं पाऊल टाकलं.

मी दारातच थांबायचं होतं. एवढंच करायचं होतं. मला सगळं कळत होतं, तरी मी धावलो. “आबा, पडशिला!” म्हणत त्यांना काखेत धरलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. हसू गेलं होतं. “बरं, बसतो,” म्हणाले. मी त्यांना उचलल्यासारखं नेऊन खाटेवर बसवलं आणि पाठीला उशी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्या घेऊन कट्ट्यावर गेलो. फेस बसायच्या आत घरी आलो. आबा निमूटपणे प्याले. त्यानंतर दोन वर्षं ते त्या खाटेवर होते. पुन्हा उठायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यांच्या बाराव्याला पेठेतली जुनी माणसं जमली होती. त्यातले एकजण सगळ्यांसमोर म्हणाले, “बापाची सेवा करावी तर मास्तरांसारखी. एक दिवस दूध चुकवलं न्हाई.”

मी चार दिवस चुकवलं होतं. आबांसाठी मी खरं काही केलं असेल, तर ते त्या चार दिवसांत.