मोटारीखालचा चिरा

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी एरवी नव्या पुस्तकांची नावं वाचून जातो. आज खडू उचललाय, कारण सकाळी घरच्या अंगणात मी मोटार उचलली आणि तिच्याखाली शिरून धडधाकट बाहेर आलो.

आंब्याच्या पेट्या वाहून आमच्या मोटारीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसलेत. ती इतकी खाली आलीय की मुंबईहून आणलेला चाकांवर सरकणारा जॅक आत जाईना. मग मागच्या चाकांना पाचरी ठोकल्या आणि पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली. जॅक अलगद आत गेला, मोटार वर आली.

नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नव्हतं. काकांनी लगेच जांभ्या दगडाचे दोन चिरे आणून सरकवले.

"आख्खं घर चिऱ्यांवर उभं आहे, मेल्या. तुझी मोटार काय घराहून जड?"

 मी जॅक बोटभर उतरवून मोटार चिऱ्यांवर टेकवली आणि बाजूने खांद्याचा एक धक्का दिला. डावा चिरा फुटला. मोटार पुन्हा जॅकवर बसली.

काका खोपीत गेले आणि ऐनाच्या लाकडाचे रुंद ठोकळे घेऊन आले. पुन्हा टेकवली, पुन्हा ढकलली. जागची हलली नाही. मी खाली गेलो, पाट्यांचे बोल्ट आवळून बाहेर आलो.

काका शेजारी उकिडवे बसले होते. म्हणाले, "मागची बाजू कधी उचलायची?"

तुम्ही मोटार कशावर टेकवता? खडू इथेच ठेवलाय, खाली लिहा. चिऱ्यावर टेकवत असाल, तर आधी धक्का द्या, मग खाली जा.